सोलापुरात घरच्या घरी रंगीत प्रिंट

घरी कृष्णधवल फोटो धुणाऱ्या सोलापूरकराचं मार्चनंतरचं निम्मं लक्ष बर्फावर असतं. डेव्हलपरला २० अंश सेल्सिअस हवे असतात आणि गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणीच तिशीच्या पुढे गेलेलं असतं. मग बरेच जण उन्हाळाभर डार्करूमला कुलूप घालतात. कृष्णधवलचीच ही तऱ्हा तर रंगीत कुठलं जमायला, असं म्हणून त्या वाटेला जातही नाहीत.

प्रत्यक्षात रंगीत कागद धुण्याचं रसायनशास्त्र आपल्या हवेला जास्त मानवणारं आहे. दोनच मुख्य द्रावणं, प्रत्येकी सुमारे पाऊण मिनिट आणि तापमान ३५ अंश. थंड मुलखातले हौशी लोक हे ३५ अंश टिकवायला हीटर लावून बसतात. इथे वर्षातले काही महिने ते खोलीतच हजर असतं.

अवघड भाग वेगळाच आहे. कृष्णधवलमध्ये थोडी चूक झाली तर प्रिंट जरा फिकट किंवा गडद येते. रंगीतमध्ये तीच चूक निळसर, हिरवट, तांबूस अशी झाक होऊन चेहऱ्यावर बसते. विजेचा दाब उतरला, कागद आठवडाभर कपाटात तापला, डेव्हलपरमध्ये दोन थेंब भलतंच पडलं, प्रत्येकाची झाक वेगळी. म्हणून रंगीत प्रिंट शिकायची म्हणजे बदलणाऱ्या गोष्टी आधी एकेक करून जागच्या जागी बांधायच्या, आणि मगच फिल्टरला हात लावायचा. पुढची सगळी माहिती या क्रमाने आहे.

कागद आणि रसायन

रंगीत निगेटिव्हवरून प्रिंट काढण्याच्या प्रक्रियेचं नाव आरए-४. कलर लॅबमधली ओल्या पद्धतीची मोठी यंत्रंही हीच प्रक्रिया वापरतात. तिथे कागदावर निगेटिव्हऐवजी लेझरने प्रकाश पाडतात, एवढाच फरक. त्यामुळे फिल्मचे दिवस सरले तरी हा कागद बनत राहिला. फूजीचा क्रिस्टल आर्काइव्ह आणि कोडॅकचा एंड्युरा ही त्यातली ओळखीची नावं.

लॅबला हा कागद रोलमध्ये येतो. ओळखीच्या लॅबवाल्याकडे रोलच्या शेवटचा उरलेला भाग मागा. तो मूळ काळ्या पिशवीतच आणा, पूर्ण अंधारात कापा आणि पुन्हा काळ्या पिशवीत बंद करा. कापण्यासाठी पुठ्ठ्याचा एक साचा करून ठेवला की अंधारातही प्रत्येक तुकडा सारख्या मापाचा निघतो.

आजचा कागद मुख्यतः लेझरसाठी बनतो, त्यामुळे निगेटिव्हवरून थेट प्रिंट काढताना उठाव जरा जास्त येतो. सोलापूरच्या भर दुपारच्या उन्हातल्या निगेटिव्हवर तो जाचतो. डोळ्यांखालच्या सावल्या काळ्या पडतात आणि कपाळ पांढरं. सुरुवातीला सकाळच्या, ढगाळ हवेतल्या किंवा सावलीतल्या निगेटिव्ह निवडा.

कागद थंडाव्यात ठेवावाच लागतो. आपल्या एप्रिल-मेच्या उष्म्यात उघड्या कपाटात राहिलेला रंगीत कागद लवकर म्हातारा होतो, त्याची पांढरी कडा पिवळट दिसू लागते आणि फिल्टरचे आकडे सरकतात. फ्रिजमध्ये हवाबंद पिशवीत ठेवा. कामाच्या तीन-चार तास आधी पाकीट बाहेर काढा, पण ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. नाहीतर थंड कागदावर बाष्प धरतं आणि प्रिंटवर डाग उठतात.

डेव्हलपर बहुधा दोन-तीन भागांत येतो. लॅबचा पॅक एकदम बरेच लिटर बनवण्यासाठी असतो. तेवढा बनवून ठेवू नका. लागेल तेवढाच भाग सिरिंजने मोजून, पाकिटावरच्या प्रमाणात कालवा. कालवलेला डेव्हलपर हवेने खराब होतो, म्हणून लहान बाटल्या काठोकाठ भरून ठेवा. तपकिरी पडलेला डेव्हलपर सरळ बाजूला काढा. दुसरं द्रावण ब्लिक्स. ते डेव्हलप झालेली चांदी विरघळण्याजोगी करतं आणि उरलेल्या चांदीच्या क्षारांसह काढून टाकतं. रंगीत प्रिंटमध्ये शेवटी चांदी उरत नाही, फक्त पिवळा, मजेंटा आणि सायन या तीन रंगांचे थर उरतात.

अंधार, अगदी पूर्ण

कृष्णधवलचा लाल दिवा इथे चालत नाही. रंगीत कागदाचा एक थर लाल प्रकाशासाठीच बनवलेला असतो. त्यावर लाल दिवा पडला की सायन रंग तयार होतो आणि सगळी प्रिंट निळसर-हिरवट होते. त्यामुळे कागद पाकिटातून निघाल्यापासून धुण्याच्या बंद डब्यात, म्हणजे ड्रममध्ये, बंद होईपर्यंत काळोख हवा.

घरात सोयीची जागा म्हणजे न्हाणीघर, आणि सोयीची वेळ म्हणजे रात्री दहानंतर. बाहेरचा उजेड तेव्हा निम्म्याहून अधिक आटोपलेला असतो आणि उकाडाही थोडा उतरतो. खिडकीला शेतीच्या दुकानात मिळणारं मल्चिंगचं काळं प्लास्टिक दोन-तीन पदरी लावा. ते पातळ असतं, एका पदराने भागत नाही. दाराच्या फटीवर जाड सोलापुरी चादर दुहेरी करून सोडा. गीझरचा दिवा, स्विचबोर्डचा इंडिकेटर, घड्याळाचे चमकणारे काटे यांवर काळी टेप लावा आणि मोबाइल बाहेर ठेवा.

मग दिवा बंद करून दहा मिनिटं नुसते बसा. डोळे सरावल्यावर कुठेही उजेडाची रेघ दिसली तर ती बुजवा. खात्रीसाठी कागदाच्या एका तुकड्यावर नाणं ठेवून पाच मिनिटं अंधारात राहू द्या आणि धुवा. नाण्याचा गोल उमटला तर उजेड कुठून तरी येतो आहे.

ट्रे की ड्रम

नवशिक्याने ड्रम घ्यावा. उजेड न शिरणारा हा आडवा डबा असतो. कागद त्यात अंधारात भरला की दिवा लावून बाकीचं काम उघड्या डोळ्यांनी करता येतं. ८ बाय १० इंचाच्या कागदाला प्रत्येक द्रावण ६० ते ७० मिलिलिटर पुरतं. ट्रेला तेवढ्यासाठी एक लिटर लागतं. शिवाय बंद न्हाणीघरात उघड्या ट्रेमधल्या ब्लिक्सचा वास उन्हाळ्यात नकोसा होतो आणि पंखा लावला तर धूळ उडते.

विजेचा दाब

सोलापुरात रंगीत प्रिंटचा सर्वांत छुपा शत्रू हाच. एन्लार्जरमध्ये साधा किंवा हॅलोजन दिवा असेल तर दाब उतरल्यावर तो मंद होतो आणि पिवळटही होतो. त्याच्या प्रकाशात निळा कमी आणि लाल जास्त उरतो. परिणामी प्रिंट फिकट येते आणि तिच्यावर सायन-निळसर झाक चढते. आपण फिल्टर फिरवत बसतो, आणि तासाभराने दाब पूर्ववत झाला की ती दुरुस्तीच चूक ठरते.

शेजारी यंत्रमाग, वेल्डिंगचं दुकान किंवा बोअरची मोटर त्याच लाइनवर असेल तर हे हमखास होतं. उपाय तीन. एक, सॉकेटमध्ये बसणारा साधा डिजिटल व्होल्टमीटर लावा आणि प्रत्येक प्रिंटच्या मागे आकडा लिहा. दोन, एन्लार्जरसाठी सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. फ्रिजला लावतात तो रिले स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने उड्या मारतो, आणि ती उडी नेमकी एक्स्पोजरच्या मध्ये पडू शकते. तीन, जमत असेल तर एन्लार्जरला स्थिर डीसी पुरवठ्यावर चालणारा चांगला एलईडी दिवा बसवा. घर इन्व्हर्टरवर असताना मात्र प्रिंट काढू नका.

तापमान आणि पाणी

३५ अंशांसाठी प्लॅस्टिकच्या टबात पाणी भरून त्यात बाटल्या उभ्या करा. डिसेंबर-जानेवारीत त्यात गीझरचं पाणी घालावं लागेल. मेमध्ये उलटं. टाकीचं पाणी ३५च्या वर गेलेलं असतं, तेव्हा टबात माठातलं पाणी घालून उतरवा. हे पाणी बाटल्यांच्या बाहेर राहतं, द्रावणात जात नाही. थर्मामीटर एकच ठेवा. दोन थर्मामीटर क्वचितच एकमेकांशी जुळतात, आणि इथे नेमकेपणापेक्षा दर वेळी तेच तापमान असणं जास्त मोलाचं आहे.

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ‘वाहत्या पाण्यात धुवा’ हा पुस्तकी सल्ला पाळता येत नाही. तशी गरजही नाही. आरए-४चा कागद प्लॅस्टिकचा लेप असलेला असतो, त्यात रसायन फार मुरत नाही. ड्रममध्ये पाव लिटर पाणी घालून अर्धा मिनिट फिरवायचं आणि ओतून द्यायचं, असं चार-पाच वेळा केलं की भागतं. म्हणजे एका प्रिंटला लिटर-सव्वा लिटर. पहिल्या दोन धुण्यांना आरओ यंत्राचं फेकायचं पाणी चालतं. डेव्हलपर कालवायला आणि शेवटच्या धुण्याला मात्र आरओचं शुद्ध पाणी घ्या. बोअरच्या जड पाण्याने वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात.

एक प्रिंट, पहिल्यापासून शेवटपर्यंत

१. निगेटिव्ह ब्लोअरने साफ करा आणि न चमकणारी बाजू कागदाकडे येईल अशी लावा. निगेटिव्हवरची धूळ प्रिंटवर पांढरा ठिपका होऊन येते. आपल्या कोरड्या हवेत ती फार उडते, म्हणून काम सुरू करण्याआधी तासभर फरशी ओल्या फडक्याने पुसून ठेवा आणि पंखा बंद ठेवा.

२. फोकस करा. लेन्स एफ-८ वर ठेवा. कलर हेड असेल तर सायन शून्य, मजेंटा ५०, यलो ५० इथून सुरुवात करा. साधा एन्लार्जर असेल तर फिल्टरच्या खणात तेवढ्याच आकड्यांचे सुटे फिल्टर घाला. फिल्टरशिवाय प्रिंट लालसर येते, म्हणून हे दोन फिल्टर जवळजवळ नेहमीच लागतात. तिन्ही फिल्टर एकदम वापरू नका, त्याने नुसता उजेड कमी होतो.

३. दिवा बंद करून कागदाची पट्टी काढा. कागद इमल्शनच्या बाजूला किंचित वळतो, अंधारात हीच खूण. पुठ्ठा सरकवत ५, ७, १०, १४ आणि २० सेकंदांचे टप्पे द्या. अंतिम वेळ दहा सेकंदांच्या आसपास आली तर उत्तम. फार कमी वेळात दिव्याचं तापणंच हिशेब बिघडवतं.

४. पट्टी इमल्शन आत करून ड्रममध्ये घाला, झाकण लावा आणि दिवा लावा.

५. ३५ अंशांच्या पाण्याने अर्धा मिनिट ड्रम फिरवून ओतून द्या. ड्रम आणि कागद दोन्ही तापतात.

६. डेव्हलपर. यंत्रात ४५ सेकंद देतात. हाताने ओतण्यात वेळ जातो म्हणून ड्रमसाठी एक मिनिट ठरवा, आणि शेवटचे दहा सेकंद ओतून काढण्यासाठी धरा. ठरवलेला वेळ पुन्हा बदलू नका.

७. स्टॉप बाथ अर्धा मिनिट. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी पुरतं. ही पायरी गाळली तर कागदावर उरलेला डेव्हलपर ब्लिक्सला भिडतो आणि प्रिंटवर डाग येतात.

८. ब्लिक्स एक मिनिट. मग वर सांगितल्याप्रमाणे धुणं.

९. ड्रम आणि झाकण खळखळून धुवा आणि आतून कोरडं पुसा. यासाठी एक सोलापुरी टॉवेल वेगळाच ठेवा. आत राहिलेल्या पाण्याच्या थेंबाचा पुढच्या कागदावर ठसा उमटतो, आणि ब्लिक्सचा थेंब राहिला तर पुढचा डेव्हलपरच बिघडतो. डेव्हलपर आणि ब्लिक्सची मापं, नरसाळी, बाटल्या कायमच्या वेगळ्या ठेवा आणि त्यांना दोन रंगांच्या टेप लावा.

झाक ओळखणं आणि काढणं

ओली प्रिंट नेहमी थोडी निळसर दिसते. हेअर ड्रायरने वाळवल्याशिवाय रंगावर मत देऊ नका. आधी पट्टीतला योग्य वेळ निवडा, त्या वेळाने याच पायऱ्यांनी पूर्ण प्रिंट काढा, मग झाकेकडे वळा. फिकट किंवा गडद प्रिंटवर झाक नीट कळत नाही.

पहिल्या सरावासाठी निगेटिव्ह अशी हवी की तिच्यात पांढरं, करडं आणि माणसाची त्वचा तिन्ही असतील. सोलापूरकराला ती दूर शोधावी लागत नाही. जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज वाहणाऱ्यांची पांढरी बाराबंदी, सावलीतली दगडी भिंत आणि चेहरे एकाच चौकटीत मिळतात. पांढऱ्या सुती कापडाच्या सावलीतल्या चुण्यांवर झाक सर्वांत आधी दिसते. कुंकवाच्या लाल रंगावरून फिल्टर ठरवू नका, भडक रंग झाक लपवतात.

दुरुस्तीचा नियम एकच: ज्या रंगाची झाक, त्याच रंगाचा फिल्टर वाढवायचा. हे सुरुवातीला उलटं वाटतं. पण प्रिंटवर पिवळं जास्त असतं कारण कागदाला निळा प्रकाश जास्त मिळालेला असतो, आणि पिवळा फिल्टर नेमका तोच अडवतो. व्यवहारात हिशेब असा:

पिवळी झाक: यलो वाढवा.
मजेंटा झाक: मजेंटा वाढवा.
लाल झाक: यलो आणि मजेंटा दोन्ही वाढवा.
निळी झाक: यलो कमी करा.
हिरवी झाक: मजेंटा कमी करा.
सायन झाक: यलो आणि मजेंटा दोन्ही कमी करा.

झाक जेमतेम जाणवत असेल तर ५, स्पष्ट असेल तर १०, ठळक असेल तर २०. मजेंटा वाढवला की उजेड घटतो, म्हणून वेळही वाढवावा लागतो. यलोचा फरक किरकोळ असतो. नवशिक्यांचा गोंधळ बहुतेक वेळा लाल आणि मजेंटा, तसंच निळा आणि सायन यांच्यात होतो. एक प्रिंट नीट जमली की तिच्याच सहा प्रिंट मुद्दाम २०ने बिघडवून काढा, प्रत्येकीच्या मागे झाकेचं नाव लिहा आणि हा संच भिंतीवर लावा. नवी प्रिंट त्याच्या शेजारी धरली की झाक कोणती हे लगेच कळतं.

रंग कोणत्या उजेडात पाहता यालाही महत्त्व आहे. घरातल्या बऱ्याच स्वस्त एलईडी ट्यूबमध्ये लाल रंग दबतो. त्या उजेडात बरोबर दिसलेली प्रिंट दिवसा तांबडी निघते. रात्री पाहायला सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९०च्या वरचा एक बल्ब ठेवा. शेवटचा निवाडा सकाळी उत्तरेच्या खिडकीपाशी, थेट ऊन नसताना करा.

हात, नाक आणि सांडपाणी

रंगीत डेव्हलपर काही जणांच्या त्वचेला बाधतो. खाज, पुरळ येऊ शकते आणि त्वचा एकदा संवेदनशील झाली की अगदी थोड्या स्पर्शानेही त्रास होतो. नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला. स्वयंपाकघर आणि तिथली भांडी यासाठी वापरू नका. बाटल्यांवर ठळक नाव लिहून त्या मुलांच्या हाताबाहेर ठेवा. दोन प्रिंटच्या मध्ये दार उघडून हवा येऊ द्या आणि पाणी पीत राहा, मेच्या रात्रीही बंद न्हाणीघर तापतं.

वापरलेल्या ब्लिक्समध्ये चांदी असते. ते गटारात, सेप्टिक टँकमध्ये किंवा बागेत ओतू नका. कॅनमध्ये साठवा आणि ओल्या पद्धतीचं यंत्र चालवणाऱ्या लॅबच्या सांडपाण्याबरोबर देता येईल का ते विचारा. एक्स-रेचं वापरलेलं फिक्सर चांदीसाठी नेणारे लोक असतात, त्यांच्याकडेही चौकशी करा.

वही

प्रत्येक प्रिंटमागे नरम पेन्सिलीने किंवा मार्करने पाच गोष्टी लिहा: निगेटिव्ह क्रमांक, एन्लार्जरची उंची आणि लेन्सचा आकडा, वेळ, मजेंटा-यलो, आणि विजेचा दाब. वहीत त्यापुढे कागदाच्या पाकिटाची तारीख आणि डेव्हलपर कधी कालवला ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वेळ आणि फिल्टर दोन्ही एकदम हलवले तर पुढची प्रिंट कशामुळे सुधारली हे कळत नाही.

नवा रोल उघडला की सरावाच्या त्या जुन्या निगेटिव्हची प्रिंट आधी काढा. ती किती सरकली ते पाहून बाकीच्या सगळ्या निगेटिव्हचे आकडे तेवढेच सरकवा. कपाटातल्या जुन्या अल्बमच्या मागे, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांत पडून असलेल्या लग्नाच्या आणि बारशाच्या निगेटिव्ह त्यानंतर घ्या. त्या वेळी लॅबने चार-बाय-सहाच्या प्रिंट सरसकट छापून दिल्या होत्या. आज त्यातली एकेक निगेटिव्ह निवांत, मोठी करून छापता येते. त्या वर्षानुवर्षं उष्म्यात राहिलेल्या असतील तर रंग उडालेले असतील, आणि फिल्टरचे आकडे नेहमीपेक्षा बरेच दूर जातील. म्हणूनच त्या पहिल्याच रात्री हातात घेऊ नयेत.